महालातलं वाचनालय: पोस्टर आणि वेबपान, सहा रविवारांची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी शिबिराचं पोस्टर आणि त्याच मजकुराचं एक वेबपान हातात घेतलंय. पोस्टर छापून भिंतीवर लागलं, पानही सुरू झालं. मधल्या सहा रविवारांत जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मथळ्याने. तयार टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं होतं आणि त्यात मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवलेली होती. त्यात ‘उन्हाळी वाचन शिबिर’ टाकलं आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. प्रत्येक अक्षर सुटं, शब्द असा उरलाच नाही. देवनागरीत लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, शून्यच ठेवायचं, हे आता पक्कं. मथळा उठून दिसायला हवा असेल तर आकार वाढवा, ठळक वजन (अक्षराची जाडी) घ्या, भोवती जागा सोडा.

इतवारीत जुन्या पाट्या बघत हिंडताना एक पेंटरकाका भेटले. ते आधी वरची आणि खालची रेघ आखून घेतात आणि अक्षरं काढताना अक्षरांपेक्षा मधल्या रिकाम्या जागेकडे बघतात. ‘‘वरची मात्रा कुठं जाते ते आधी पाहा, ताई. मग अक्षर किती मोठं घ्यायचं ते ठरवा,’’ असं म्हणाले. मी नेमकं उलटं करत होते. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांवर आदळत होते, कारण लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची, टेम्प्लेटमधली १.२ तशीच राहिली होती. परिच्छेदांना १.७ दिली, दोन ओळींच्या मथळ्याला १.४. पान एकदम श्वास घ्यायला लागलं.

फाँट निवडताना आता ‘अआइई’ बघत नाही. एक ओळ करून ठेवली आहे: दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्घाटन, हृदय, ज्येष्ठांसाठी, कर्तृत्व. फुकट मिळणारे बरेच शोभिवंत फाँट पहिल्याच शब्दाला पडतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट येत नसेल तर तो फाँट मराठीसाठी नाही, बाकी कितीही सुंदर असो. शेवटी मजकुराला ‘मुक्त’ आणि मथळ्याला ‘बलू’ हा फाँट घेतला. दोन्ही ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही खुल्या परवान्याचे.

ल आणि श बद्दल मला जरा जास्त बोलायचंय. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे या अक्षरांची मराठी वळणं, धरली आहेत. मराठी वाचणाऱ्याचा डोळाही त्यांनाच सरावलेला आहे. काही फाँटमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं असतात, पण ब्राउझरला भाषा सांगितली नाही तर तो फाँटमधलं मूळचं रूप (बहुधा हिंदी) दाखवतो. वेबपानाच्या एचटीएमएल कोडच्या पहिल्याच टॅगमध्ये लँगची (भाषेची) किंमत ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहायची, एवढंच काम. पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही त्यावरूनच भाषा कळते. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी असतं, तेवढं नक्की बदला.

आता रंग. नागपूर म्हणजे संत्री, म्हणून नारिंगी पट्टीवर पांढरी अक्षरं घेतली होती. माझा नारिंगी ० ते २५५ या मापात असा: लाल २४५, हिरवा १२४, निळा ०. घरात, पडदे ओढून, छान दिसत होता. मेमधल्या दुपारी वाचनालयाच्या दारात उभं राहून ग्रंथपालकाकांच्या फोनवर पान उघडलं तेव्हा शिबिराची वेळ वाचता येईना. ‘‘काय लिहून राहिलं ते दिसूनच नाही राहिलं,’’ काका म्हणाले. घरी येऊन मोजलं: पांढरं आणि हा नारिंगी यांचा कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) २.७ला १. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजीच्या निकषात साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो, मोठ्या अक्षरांना ३. तोच नारिंगी ठेवून वर काळी अक्षरं घेतली तर ७.८ येतो. रंग बदलावा लागलाच नाही, फक्त अक्षरं काळी केली.

छपाईत तोच नारिंगी पुन्हा आडवा आला. सीताबर्डीवरच्या प्रेसमधल्या दादांनी नमुना काढून दाखवला, तो मळकट विटकरी. स्क्रीनचा रंग छपाईच्या चार शायांत (निळी, मॅजेन्टा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी, काळी) आपोआप बदलून घेतला होता, त्यात निळी आणि काळी शाई मिसळली गेली होती. हाताने मॅजेन्टा ५५ टक्के, पिवळा १०० टक्के, बाकी दोन्ही शून्य असं भरलं तेव्हा स्वच्छ आला. स्क्रीनइतका झगझगीत नाही, पण स्वच्छ. मजकुराचा काळा मात्र नुसत्या काळ्या शाईचाच ठेवा. चारही शायांचा केला आणि छपाई केसभर सरकली, तर अनुस्वार आणि बारीक मात्रांना रंगीत सावली येते. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी बाहेर वाढवलेला रंग. फाइल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करायचं (अक्षरांचे आकार चित्रासारखे करून घ्यायचे), कारण प्रेसच्या संगणकावर आपला फाँट नसतो. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, नाहीतर तारीख बदलायची म्हटली की सगळं पुन्हा.

वेबपानात एक गोष्ट उशिरा लक्षात आली. फाँटचं फक्त साधं वजन जोडलं होतं, त्यामुळे ठळक शब्द ब्राउझर स्वतःच जाड करत होता आणि क्ष, ष यांची पोटं भरून जात होती. ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) ही दोन्ही खरी वजनं जोडली, बाकीची काढून टाकली. मोबाइलवर मजकूर १८ पिक्सेल ठेवलाय. काकांनी चष्मा न शोधता वाचला.

अजून अडलंय ते वेळापत्रकाचं. पाच रकान्यांचा तक्ता फोनवर आडवा सरकवावा लागतो. या रविवारी प्रत्येक दिवसाची वेगळी चौकट करून बघणार आहे. त्यानंतर तान्ह्या पोळ्याचं पत्रक. त्यासाठी चिंचोळ्या मापाचा, पण जोडाक्षरं न दाबणारा देवनागरी फाँट शोधतेय. कुणी वापरला असेल तर ‘दुसऱ्या’ आणि ‘कर्तृत्व’ लिहून नमुना दाखवा.