केडगावला जाऊन आलो

पुणे-दौंड गाडीत शनिवारी सकाळी जागा मिळते, हे मला ठाऊक होतं. तरी आमच्या चर्चच्या तरुण संघाची १७ जणं, एक ढोलकी, एक गिटार आणि दशम्यांची पिशवी म्हणजे अर्धा डबा आमचाच झाला. मांजरी, लोणी, उरुळी, यवत. दोन्ही बाजूंना ऊस. लोणीपर्यंत गाणी झाली आणि मग मुलं भूक लागली म्हणून शांत झाली.

आम्ही केडगावला पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन बघायला निघालो होतो. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी महिनाभर आधी कळवून परवानगी घेतली होती. तिथे स्त्रिया आणि मुलं राहतात, ते त्यांचं घर आहे. त्यामुळे कुणाचे फोटो काढायचे नाहीत, हे मुलांना निघायच्या आधीच बजावलं होतं.

मी नेवासे तालुक्यातली. आजोबा मिशनशाळेत मास्तर, आजी दर रविवारी देवळात पहिल्या ओळीत. आमच्याकडे विश्वास घरातल्या तांब्याच्या हंड्यासारखा होता, पिढ्यानपिढ्यांचा आणि घासूनपुसून ठेवलेला. बाप्तिस्मा लहानपणी झाला, दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास सगळ्यांपुढे उभं राहून स्वतः कबूल करण्याचा विधी, पंधराव्या वर्षी. पुण्याला शिकायला आल्यावर एका रात्री होस्टेलच्या मैत्रिणीनं सहज विचारलं, ‘तू देवाशी बोलतेस म्हणजे नक्की काय बोलतेस?’ मला उत्तर देता आलं नाही. प्रभूची प्रार्थना पाठ होती, पण माझं स्वतःचं असं बोलणंच नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष मी उपासनेला गेले नाही. भांडण कुणाशीच नव्हतं. आतून सगळं कोरडं होतं, इतकंच. मग बसमध्ये येता-जाता बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कानं सांगितलेली येशूची हकिगत, वाचायला घेतलं. १६ अध्याय. त्यातला येशू मला संडे स्कूलच्या चित्रातल्यापेक्षा फार घाईत, फार थकलेला आणि फार जवळचा वाटला. परतीची वाट तिथून सुरू झाली. आता चार वर्षं मी तरुण संघाचं काम बघते.

केडगाव स्टेशनपासून मिशन जवळच आहे. आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो. तिथल्या एका वयस्क मावशींनी आम्हाला झाडाखाली बसवून रमाबाईंची हकिगत सांगितली. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली आणि भावाबरोबर ही मुलगी देशभर पायी फिरली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली घेऊन आली. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईलाच उपाशी मुलगी दुरून ओळखू येत असेल.

मुलांना सगळ्यात भावलं ते बायबलचं काम. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र यावं म्हणून पंडिता म्हणवल्या गेलेल्या रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई इथेच झाली. दुष्काळातून आणलेल्या मुलीच छापखान्यात खिळे जुळवायच्या. शिशाचा एकेक खिळा, अक्षर उलटं, काना वेगळा, मात्रा वेगळी. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर आलं. एका ओळीला किती वेळ लागत असेल, याचा हिशेब आमची मुलं बराच वेळ मांडत होती. मला मात्र शनिवारच्या सभेसाठी मोबाईलवरून घाईघाईत उतरवलेले माझे संदेश आठवले. मान खाली गेली.

१९०५च्या संजीवनाचंही, म्हणजे इथे उसळलेल्या प्रार्थनेच्या आणि विश्वासाच्या लाटेचंही, मावशींनी सांगितलं. प्रार्थनेसाठी पुढे आलेल्या पहिल्या ७० जणी आमच्या मुलींसारख्याच तरुण होत्या.

मग त्या म्हणाल्या, ‘बाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडात. पण नंतर त्यांनीच लिहिलंय, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला पुढची आठ-एक वर्षं लागली.’

जेवताना आमच्यातली सगळ्यात अबोल मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. येत्या पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, तिचं दृढीकरण आहे.

‘ताई, रमाबाईंना आठ वर्षं लागली. मला अजून काहीच वाटत नाही. मग मी उभी राहू की नको?’

एरवी मी एखादं वचन काढून दिलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या आवारात मला ते जमेना. मी तिला होस्टेलची ती रात्र सांगितली, ती दीड वर्षंही सांगितली. संघातल्या कुणाला मी हे आजवर सांगितलं नव्हतं, कारण पुढारपण करणाऱ्यानं डळमळलेलं दिसू नये, असं मला वाटायचं. माझी ती समजूत चुकीची होती आणि तिचा तोटा या मुलांना झाला. ‘आत्ता ठरवू नकोस,’ मी म्हणाले, ‘पाळकसाहेबांशी मी बोलते. तोवर आपण दोघी मिळून वाचू.’

ती काहीच बोलली नाही. दशमीचा उरलेला तुकडा तिनं मला दिला.

परतीच्या गाडीत गर्दी होती. ढोलकी वर ठेवली, अर्धी मुलं उभ्यानं झोपली. तिनं माझ्या पिशवीतलं बायबल मागून घेतलं आणि मार्क काढला. यवत गेलं, उरुळी गेलं. लोणीला तिनं मान वर केली. दुसऱ्या अध्यायात होती. चौघांनी छप्पर उकलून पक्षघाती माणसाला येशूपुढे खाली सोडलं, ती गोष्ट.

‘ताई, नंतर ते छप्पर कुणी शाकारलं असेल?’

मार्क हे सांगत नाही. हडपसर येईपर्यंत आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो.