तुम्ही विचारलंत म्हणून: टिटवीची अंडी उचलून सावलीत ठेवू का?

मार्च लागला की माझा फोन सुरू होतो. कधी वहिनीच्या मैत्रिणीचा, कधी तिच्या सोसायटीच्या चेअरमनचा, एकदा तर जेसीबीवाल्याचा. प्रश्न एकच, आमच्याकडे टिटवीने उघड्यावर अंडी घातलीयत, ऊन केवढं आहे, कुत्री फिरतायत, उचलून नीट सावलीत ठेवू का? मी काही पक्षीतज्ज्ञ नाही हो, बँकेत नोकरी करते, पण 'टिटवीवाल्या मॅडम' म्हणून नंबर फिरतोय कुठेकुठे. तर एकदाच लिहून टाकते.

नका उचलू.

हे मला कळतं कारण मी स्वतः उचलली होती. नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमागे एक रिकामा प्लॉट होता, मुरूम आणि खडी टाकून ठेवलेला. एप्रिलमधे तिथे चार अंडी दिसली, मातकट, वर काळपट डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला. घरटं म्हणाल तर बशीएवढा खळगा आणि कडेने चार खडे, बास. मला इतकं वाईट वाटलं की मी ओढणीत अंडी घेतली, वीसेक पावलांवर कडुलिंबाखाली गवताचं छान मऊ घरटं केलं, त्यात ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिले. टिटवी आली, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ जुन्या खळग्यात जाऊन बसली. रिकाम्या. अंग फुगवून, जणू खाली चारही अंडी आहेत. मी पळत परत ठेवायला गेले तोवर लिंबावरच्या कावळ्यांनी दोन संपवली होती. दोघं नवरा-बायको डोक्यावर झेपा घेत ओरडत होती. इंग्रजीत तो आवाज 'डिड ही डू इट' असा लिहितात म्हणे, मला त्या दिवशी 'हिनेच केलं, हिनेच केलं' असंच ऐकू येत होतं. उरलेली दोन जुन्या जागी ठेवल्यावर ती पुन्हा बसली, म्हणजे माणसाचा हात लागला की वासाने पक्षी अंडी टाकतो हे जे आपण लहानपणापासून ऐकतो ते काही खरं नव्हतं, तिला अंड्यांपेक्षा जागा पाठ असते. त्या दोनातून एकच पिल्लू बाहेर आलं.

आणि सावलीचं म्हणाल तर झाड म्हणजे कावळ्याची बाल्कनी. तिला उघडंच पाहिजे असतं, कुत्रं, मुंगूस, माणूस लांबूनच दिसायला. उन्हाची सोय तिची तिच्याकडे आहे. पुढच्या वर्षी नीट बघत बसले तेव्हा कळलं, टँकरच्या नळाखालच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची, तेवढ्यात दुसरा पहाऱ्याला. साधारण २८ ते ३० दिवस हे चालतं. आपण मोबाईल घेऊन दहा मिनिटं जवळ उभे राहिलो की ती उठलेली राहते आणि अंडी भाजतात, त्यामुळे फोटो काढायचाच तर लांबून झूम करा. आजूबाजूला दहापंधरा पावलांवर दोरी बांधा, पार्किंग असेल तर चार विटा लावा, झालं. अंडी हलवणं-बिलवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधेही बसत नाही, हे चेअरमन लोकांना सांगायला उपयोगी पडतं.

सासूबाईंचं वेगळंच, रात्री टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार. आमचे वॉचमन मामा सुरुवातीला तसंच म्हणायचे, पण रात्री कुत्रं किंवा माणूस आला की पहिली बोंब तिचीच, हे लक्षात आल्यावर म्हणाले, मॅडम, ही माझ्यापेक्षा जागी राहते. गावाकडे टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त म्हणतात, आता शहरात उंच जागा म्हणजे बिल्डरचा मुरमाचा ढीग, त्यावरून पावसाचा काय हिशोब लावणार.

पिल्लं बाहेर आली की वेगळे फोन. अनाथ पिल्लू सापडलंय, बॉक्समधे ठेवलंय. अहो ते अनाथ नाहीये! टिटवीचं पिल्लू अंगावर लव घेऊनच जन्मतं, थोड्याच तासांत पळतं, किडे स्वतः टिपतं, आईबाप भरवत नाहीत, फक्त राखण करतात आणि पंखाखाली घेतात. आईने इशारा दिला की जागच्या जागी दगड होतं, म्हणून आपल्याला वाटतं आजारी आहे. जिथून उचललं तिथेच ठेवा आणि लांब व्हा.

अवघड केस गच्चीची. हल्ली खडी टाकलेल्या गच्चीवरही घालतात. पिल्लं बाहेर येईपर्यंत ठीक, पण वर खायला काही नसतं आणि कठडा उंच असेल तर पिल्लं अडकतात. तिथे मात्र हात घालावा लागतो, पण स्वतःहून नको, वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या पक्षीमित्राला बोलवा. पिल्लं खालच्या मोकळ्या जागेत सोडायची, आणि आईबाप बघत असतानाच.

हां, तो जेसीबीवाला. प्लॉट खोदायचा होता, मधोमध अंडी. किती दिवस म्हणून विचारलं, मी म्हटलं कधी घातली माहीत नाही, धरा महिना. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, तिकडच्या कोपऱ्यापासून चालू करतो, मालकाला सांगतो मधे दगड लागलाय. तीनेक आठवड्यांनी सकाळी सातला त्याचा व्हिडिओ आला, मुरमावर तीन कापसाचे गोळे पळतायत आणि मागे हा विचारतोय, मॅडम, आता बकेट फिरवू का?

म्हटलं उद्या फिरवा, चौथं अजून आत आहे.