रत्नागिरीची 'प्रायव्हेट गाइडेड टूर' : पैसे भरायच्या आधी हे वाचा

रत्नागिरी शहर बघायला गाइड लागतो का, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. दोन ठिकाणी लागतो, बाकी नाही. आणि सध्या मोबाइलवर "प्रायव्हेट गाइडेड हार्बर सिटी टूर" म्हणून जे विकतायत ते घेऊ नका. आमचे सहा हजार साडेतीनशे गेलेत, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं टाइप करतोय.

आम्ही चौघं होतो, मी, बायको आणि नागपूरहून आलेले मामा-मामी. मामांना बंदर बघायचं होतं, मोठ्या होड्या, मासळीचा लिलाव, किल्ला, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा. ठरलेला आकडा साडेचार हजार, त्यात दिवसभर एसी गाडी, "स्थानिक इतिहासाचा जाणकार गाइड" आणि "हार्बर टूर". सकाळी साडेनऊला गाडी आली, आत एकटा ड्रायव्हर. मामांनी विचारलं, गाइड कुठे चढणार? तो म्हणाला, "मीच की काका." मुलगा चांगला होता, गाडी छान चालवायचा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. संध्याकाळी बोलता बोलता कळलं की त्याच्या हातात यातले अठराशेच पडणार, डिझेल त्यातूनच. राग आहे तो बुकिंग घेणाऱ्यावर.

आता दिवस कसा लावला होता ते बघा. पहिला थांबा काजू-आंबापोळीचं दुकान. सकाळी साडेनऊला! चाळीस मिनिटं गेली. मग अकराच्या सुमारास मिरकरवाडा, म्हणजे मासळीचं बंदर. ही ती "हार्बर टूर". गेटच्या अलीकडे गाडी उभी केली, म्हणाला त्या बघा बोटी, फोटो काढून घ्या. जेटीवर तेव्हा काय असतं? सुकत टाकलेली जाळी, रिकामे क्रेट, वितळलेल्या बर्फाचं पाणी. लिलाव कधीच आटपलेला. होडीतून चक्कर वगैरे काही नाही, विचारल्यावर म्हणाला तसलं काही आपल्यात नसतं. आणि तिथून, साडेबाराला, रत्नदुर्ग.

या साडेबाराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मामी पंचावन्नच्या पुढच्या आहेत आणि त्या दिवशी त्यांना चक्कर यायचीच बाकी राहिली होती. रत्नदुर्ग तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला. गाडी वरपर्यंत जाते, म्हणून सगळे समजतात की सोपं आहे. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या खरंच सोप्या आहेत, रोज दोन जिने चढणारा माणूस आरामात जातो. पण वर गेल्यावर भगवती देवीचं देऊळ सोडलं तर सावली जवळजवळ नाही. सगळीकडे जांभा दगड. दुपारच्या उन्हात तो जांभा असा तापतो की खालून झळ पायात शिरते आणि वरून डोकं भाजतं. तटावरून फिरायचं म्हटलं तर कडेचे चिरे काही ठिकाणी सुटलेत, गवतात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि पलीकडे थेट समुद्र. वारा येतो पण तोही गरम, खारट. अर्ध्या तासात आमचं तीन बाटल्या पाणी संपलं. त्यात पॅकेजमध्ये "दीपगृह" लिहिलेलं, ते समोरच्या वेगळ्या टेकाडावर, म्हणजे खाली उतरून परत चढ. मी आणि मामा त्या उन्हात तिथपर्यंत गेलो तर फाटक बंद. पर्यटकांना ते संध्याकाळी थोडा वेळ उघडतात. हे ड्रायव्हरला माहीत होतं, बुकिंगवाल्यालाही माहीत असणारच. तरी यादीत टिकमार्क.

किल्ल्यावर जी माहिती मिळाली तीही ऐका. किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला म्हणे. अहो, किल्ला बहमनी काळातला, पुढे आदिलशाहीकडे, महाराजांकडे आला तो १६७० मध्ये. तसंच पतितपावन मंदिर "सावरकरांनी बांधलं" म्हणून दोन वाक्यांत उरकलं. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलं होतं आणि सगळ्या जातींना खुलं देऊळ हवं हा आग्रह त्यांचा, पण १९३१ साली ते पदरच्या पैशाने उभं केलं भागोजीशेठ कीरांनी. रत्नागिरीत येऊन कीरांचं नाव न सांगणारा गाइड कशाला हवा, तुम्हीच सांगा.

थिबा राजवाड्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते, म्हणजे बंद व्हायची वेळ. घाईघाईत फिरवलं आणि सांगितलं काय, तर ब्रह्मदेशच्या राजाला तीस वर्षं इथे कोंडून ठेवलं होतं. असं नाही हो. इंग्रजांनी १८८५ ला राज्य घेतलं, राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं, आणि हा राजवाडा तयार झाला १९१० ला. तोपर्यंत तो दुसऱ्या बंगल्यांतून राहत होता. १९१६ ला तो गेला, म्हणजे एवढ्या मोठ्या वास्तूत राहायला मिळाली फक्त सहा वर्षं. हे कळल्यावर तो राजवाडा वेगळाच दिसतो. उतरती छपरं, संगमरवरी फरशीचं नृत्यदालन, मागच्या बाजूची बुद्धमूर्ती, सगळं बघताना आत कुठेतरी हलतं. घरचे नंतर ब्रह्मदेशात परत गेले, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टूटू याच गावात साध्या बाईसारखी आयुष्य काढून गेली. राजाची आणि धाकट्या राणीची समाधी शिवाजीनगरात आहे, ती आमच्या टूरमध्ये नव्हतीच. मामांनी दाखव म्हटलं तर "एक्स्ट्रा किलोमीटर लागतील".

शेवटी बिल. साडेचार हजारांवर वेटिंगचे नऊशे, स्टेशन पिकअपचे सहाशे, एंट्री-पार्किंग साडेतीनशे. वेटिंगचा हिशोब मी तिथेच उभा राहून मागितला, तर त्यात काजूच्या दुकानातली चाळीस मिनिटंही धरलेली! त्यांनीच नेलं, त्यांनीच थांबवलं आणि त्याचेही पैसे आपल्याकडून. फोनवर त्या माणसाने "सर, पॉलिसी आहे" एवढंच तीनदा सांगितलं. लेखी काही नसल्यामुळे भांडायला जागा राहिली नाही, म्हणून बुक करायचंच असेल तर मेसेजवर लिहून घ्या : वेटिंग धरून एकच रक्कम, दुकानाचे थांबे नाहीत, गाइड आणि ड्रायव्हर वेगळे की एकच. यातल्या एकाचंही सरळ उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेच सगळं रिक्षाने केलं. आणि काय दिवस गेला! माझं स्पष्ट मत झालंय की रत्नागिरीत प्रत्येक जागेची आपली वेळ आहे आणि ती वेळ पाळली की निम्मं काम झालं. टूरवाले वेळ लावतात त्यांच्या दुकानांच्या सोयीने.

मिरकरवाडा पहाटेच. उजाडताना पोचा. बोटी लागतात, क्रेट वर येतात, बांगडे, म्हाकूळ, कोळंबी बर्फासकट लादीवर ओततात आणि लिलाव करणारा भाव पुकारत ढिगामागून ढीग पुढे सरकतो, घेणाऱ्या बायका नुसती मान हलवतात की माल गेला, पुढच्या क्षणी टोपली डोक्यावर. मामा तासभर एका जागेवरून हलले नाहीत. लादी प्रचंड निसरडी असते, चांगल्या ग्रिपची सँडल घाला, धुता येईल अशी. वाटेत उभे राहू नका, लोकं कामात असतात आणि धक्का लागला तर चूक आपली. फोटोआधी विचारा. आणि एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ही हार्बर टूर कुणी विकत असेल तर तो सरळ फसवतोय.

तिथून जवळच पेठकिल्ल्याच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय, देवमाशाचा सांगाडा आहे, लहान मुलं असतील तर जा. राजवाडा सकाळी उघडल्या उघडल्या, सोमवार सोडून. टिळक जन्मस्थान आणि पतितपावन गावातच, चालत होतं. टिळक आळीतलं ते घर कौलारू, शांत, १८५६ मध्ये टिळक तिथे जन्मले आणि दहाव्या वर्षापर्यंत रत्नागिरीतच वाढले. दुपारी जेवून झोपा, खरंच झोपा, उन्हात काही मिळत नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आणि मिऱ्याच्या किनाऱ्याकडे पांढरी असं का, हे आमच्या गाइडला सांगता आलं नव्हतं. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात, काळ्या कातळातून झिजून आलेली. मूठभर उचलून बघा, वजन जाणवतं.

रत्नदुर्ग चार वाजल्यानंतर. आधी दीपगृह, मग बालेकिल्ला. संध्याकाळी त्याच तटावर उभं राहिलो तर एका बाजूला मिरकरवाड्यातून निघालेल्या होड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला लांबवर भाट्याची खाडी, आणि मामी, आदल्या दिवशी देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसलेल्या, त्या आमच्या पुढे चालत होत्या. रत्नागिरीत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही बघा, गणपतीपुळे राहिलं तर राहू दे. गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता आम्हीही केला, छान आहे, त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच.

गाइड हवाच तर राजवाडा आणि रत्नदुर्ग एवढ्यापुरता, तासाच्या हिशोबाने, गावातल्या माहितगाराला विचारून. बाकी रिक्षा. रिक्षावाल्याशी सकाळीच थांबण्यासकट रक्कम ठरवा, आमच्यावेळी पहाट ते दुपार आणि परत संध्याकाळ मिळून चौदाशेत झालं, आणि त्याने समाधीही दाखवली, न मागता. स्टेशन कुवारबावला, गावापासून सहा-सात किलोमीटर, तिथे उतरल्यावर जो पहिला "साहेब, साइटसीइंग?" म्हणत येईल त्याला नको म्हणा, एसटी किंवा रिक्षाने आधी गावात या आणि मारुती मंदिर किंवा जयस्तंभाजवळ चौकशी करा. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, आणि सुट्टे पैसे.