सर, पाडली का?

आज दुर्बीण दुरुस्त होऊन एकदाची जळगावला परत आली. 8×42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची), हतनूर धरणावर पक्षी बघायला घेतलेली. प्रत्येक चक्रवाकाशेजारी त्याचंच भूत दिसायला लागलं होतं. आतला प्रिझम (चित्र सुलटं करणारी काच) सरकला की दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत, चित्र दुहेरी दिसतं आणि थोड्या वेळात डोकं ठणकतं.

सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न, "सर, पाडली का?" नाही हो. "मग प्रॉब्लेमचा फोटो पाठवा." आता सरकलेल्या प्रिझमचा फोटो काढायचा कसा? शेवटी दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवली, मोबाईल आधी एका नळीला, मग दुसऱ्या नळीला लावून समोरची पाण्याची टाकी टिपली. एका फोटोत टाकी मधोमध, दुसऱ्यात कडेला. तेव्हा कुठे साहेब मानले. कुरिअरचा खर्च मात्र आपल्याच माथी. खोकं उचलताना पोरगा विचारतो, "भाऊ, काच शे का यामा?"

व्होर्टेक्ससारखी दुर्बिणी बनवणारी अमेरिकन कंपनी रायफल स्कोपलाही (बंदुकीवरच्या दुर्बिणीलाही) आयुष्यभराची वॉरंटी देते, बिलसुद्धा मागत नाही. आमच्याकडे बिलावरचा शिक्का पुसट म्हणून वेगळा मेल करावा लागला!

आणि हो, भिंगावरची बुरशी बहुतेक वॉरंटीत बसत नाही. पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल टाकाच.