आमची वाटचाल : कुळागरातून कॉलनीत

घरचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, गोव्यात फोंड्याजवळ. वर माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर मिरवेल, मधेच जायफळ, पायाशी केळी आणि अननस. याला लँडस्केप म्हणतात हे मला नर्सरी टाकल्यावर कळलं. नर्सरीनंतर पर्वरीतल्या बंगल्यांची लॉन सांभाळली. ते काम कधी पटलं नाही. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात डिसेंबरपासून गवतासाठी पाइप धरून बसायचं!

पहिलं मोठं काम एका जुन्या बैठ्या वसाहतीच्या पुनर्विकासातल्या बागेचं. जूनमध्ये बकुळ, सुरंगी, सातवीण मिळून ६० रोपं लावली. ऑगस्टमध्ये निम्मी पिवळी. एक उपटलं, तर मुळं काळी आणि कुजका वास. ट्रकांनी भराव इतका दाबला होता की आमचे खड्डे म्हणजे बादल्याच. भरलेलं पाणी उतरेचना. मेलेल्या रोपांचे पैसे आमच्याच खिशातून गेले. तेव्हापासून खड्डा आधी काठोकाठ पाण्याने भरतो. दुसऱ्या सकाळी पाणी तसंच दिसलं, तर रोपं टेम्पोतून उतरवत नाही. आधी तळ फोडायचा, उताराकडे चर काढायचा.

दुसरी हुज्जत पार्किंगवरच्या स्लॅबची. दीड फूट मातीत माड लावा म्हणतात! तिथे अबोली फुलेल, जास्वंद जगेल. माडाला खाली जमीन लागते. म्हणून कोटेशनआधी मी विचारतो, खाली पार्किंग नसलेला तुकडा किती?

त्याच वसाहतीत एका आजींनी नकाशावर बोट फिरवत विचारलं, "बाबा, म्हजी तुळस खंय?" जुन्या घरांपुढे वृंदावनं होती, नकाशात एकही नव्हतं. आमच्याही डोक्यात ते आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पाडकामातले चिरे वेचून मधोमध एक वृंदावन बांधलं, भोवती बसायला कट्टा.

मागच्या कुंपणावर कवंडळ या रानफळाचे वेल सोडले, शेजारी शेरवडाचं झुडूप लावलं. कमिटीला वाटलं, रान माजलं. दोनदा छाटून टाकलं. तिसऱ्या वर्षी मात्र चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे पिशव्या घेऊन माणसं उभी. लालबुंद कवंडळं माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या चौकटीला, हवी होती. आता ते कुंपण छाटायचं काम आमच्याकडेच आहे, चतुर्थी झाल्यावर.