डावा ब्रेक

गणपती उरकून सप्टेंबरच्या मध्यावर मी ताईकडे, कॅनडात नॉर्थ व्हँकूवरला गेले. मुक्काम सहा आठवडे. बेत असा होता की ताई-भावोजी ऑफिसला गेले की मी गॅलरीत बसून समोरचे डोंगर बघायचे, भाच्याला थालीपिठं करून घालायची आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं. त्यातली थालीपिठं तेवढी झाली.

भाचा 17 वर्षांचा. त्याच्या खोलीत पलंगापेक्षा सायकलींनीच जास्त जागा अडवली आहे. दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, "मावशी, तुला सायकल येते ना?" पुण्यात वाढलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ सोलता येतो का असं विचारणं. मी त्याला सगळा इतिहास ऐकवला. बाबांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल, मग कॉलेजला जायला लेडीज सायकल, पुढे नोकरी लागल्यावर स्कूटर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कूल. मग शनिवारी जाऊ." कुठे, ते मी विचारलं नाही. वयाच्या 46व्या वर्षीही माणूस इतका बावळट असू शकतो.

शनिवारी भाड्याची सायकल आली. पहिल्यांदा तिचे टायर दाबून पाहिले तर मऊ. मी म्हटलं, अरे, हवा कमी आहे. आमच्याकडे सायकलवाल्याला "टाइट भर" असं सांगायची पद्धत. इथे मुद्दाम जेमतेम 23 पीएसआय ठेवलेली होती, कारण मऊ टायर दगडावर पसरतो आणि पकड घेतो. पुढे-मागे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकला डिस्क, आणि हँडलवर एक खटका, तो दाबून बूड टेकवलं की सीट खाली बसते. हा खटका मला फार आवडला. दुकानातल्या मुलाने ब्रेकबद्दलही काहीतरी सांगितलं. त्याच्या उच्चारातलं मला अर्धंच कळलं आणि मी सवयीने मान डोलावली. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, डोक्याला हेल्मेट. हेल्मेटसक्ती म्हटलं की ज्या गावाच्या अंगाचा तिळपापड होतो त्या गावची मी, पण इथे मुकाट्याने पट्टा आवळला.

ताईच्या घराच्या मागे उभा असलेला डोंगर म्हणजे माउंट फ्रॉम. शेजारी सेमूर, आणि पश्चिमेकडे सायप्रस. या तीन डोंगरांच्या उतारांना मिळून सायकलवाले 'नॉर्थ शोअर' म्हणतात आणि जगभरातून लोक इथे यायला बघतात. खाली समुद्राची खाडी, पलीकडे व्हँकूवरच्या काचेच्या इमारती, आणि मधे सीबस नावाच्या प्रवासी बोटीने फक्त 12 मिनिटांचं अंतर. पाऊस आपल्या कोकणाची आठवण करून देणारा, फक्त उलट्या ऋतूत: उन्हाळा कोरडा आणि ऑक्टोबरपासून पुढे धो धो. त्यामुळे जंगल कायम ओलं, शेवाळलेलं. सीडार, हेमलॉक, डग्लस फर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथले जुने वृक्ष तोडून नेले, त्यांचे बुंधे अजून उभे आहेत. काहींच्या घेरात आपली एखादी देवळी सहज मावेल. बुंध्यांवर दोन बाजूंना खाचा दिसतात. मी आधी त्या डोळ्यांच्या खोबण्या समजले होते, संध्याकाळी तर अगदी कवटीच दिसते. त्या खाचांत फळी अडकवून तिच्यावर उभं राहून लाकूडतोडे करवत चालवायचे, कारण तळाशी खोड फार रुंद असायचं.

पहिली वाट होती बॉबस्लेड. माउंटन हायवे नावाच्या, मोटारींना बंद असलेल्या खडीच्या रस्त्याने वर चढायचं (मी निम्मा रस्ता सायकल ढकलतच गेले) आणि मग जंगलातून खाली. सोपी वाट, वळणांवर मातीचे उंच बांध घातलेले. सायकल त्या बांधावर तिरकी चढते आणि आपोआप वळते. भाच्याने दोनच गोष्टी सांगितल्या. उतारावर सीटवर बसायचं नाही, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून पायांवर उभं राहायचं. आणि ब्रेकला एकच बोट. बाकीची तीन बोटं हँडल धरायला. एका बोटाने ब्रेक लागतो यावर माझा विश्वास नव्हता, पण डिस्क ब्रेक खरंच इतके तेज असतात. खाली पोचले तेव्हा मी ओरडत होते आणि ते ओरडणं आनंदाचं होतं हे भाच्याला समजायला जरा वेळ लागला.

मग काय, आत्मविश्वास. पुढच्या आठवड्यात सेमूरच्या पायथ्याची ब्रायडल पाथ. नाव घोड्यांच्या वाटेचं, पण घोड्यानेही विचार केला असता. फार चढ नाही, फार उतार नाही, फक्त मुळं. मनगटाएवढी, मांडीएवढी, एकात एक गुंतलेली, साल निघून गुळगुळीत झालेली. रात्री पाऊस पडून गेला होता. वाटांना रंग असतात, स्कीच्या उतारांसारखे: हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. आणि नॉर्थ शोअरची निळी म्हणजे दुसरीकडची काळी, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. हे मला नंतर सांगितलं.

पहिल्या जाड मुळापाशी मी घाबरले. घाबरल्यावर हात विचार करत नाही. वीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवलेल्या हाताने जे करायचं तेच केलं: डावा ब्रेक, चारही बोटांनी, गच्च. स्कूटरवर डावा म्हणजे मागचा ब्रेक. तो दाबला की गाडी बसते, फार तर मागून थोडी सरकते. इथे पुढचं चाक जागच्या जागी थिजलं, मागचं वर आलं आणि मी हँडलवरून सरळ नेच्यांच्या झुडपात. मऊ पडले. शेवाळ्यावर. हाताला खरचटलं आणि मांडीवर पुढे तीन आठवडे वांग्याच्या रंगाचा डाग होता, बाकी काही नाही. तेवढ्यात समोरून पासष्टीच्या दोन बायका सायकलवरून आल्या, थांबल्या, मला उठवलं, चौकशी केली आणि त्याच मुळांवरून बाजारातून भाजी आणायला निघाल्यासारख्या पुढे गेल्या.

"मावशी, लेफ्ट इज फ्रंट," भाचा म्हणाला. "यू न्यू दॅट, राइट?"

मला कुठलं ठाऊक असायला! आपल्याकडे, ब्रिटिशांच्या पद्धतीने, पुढचा ब्रेक उजव्या हाताला. उत्तर अमेरिकेत डाव्या. दुकानातला मुलगा मान डोलावणाऱ्या मला हेच सांगत होता. बॉबस्लेडवर दोन्ही ब्रेक हळूहळू एकदमच दाबले होते म्हणून निभावलं. भाचा म्हणाला, तुझी स्वतःची सायकल असती तर अर्ध्या तासात ब्रेकच्या नळ्या बदलून दिल्या असत्या. भाड्याच्या सायकलला हात लावता येत नाही. घरी आल्यावर ताईने देवघरातली नाडाछडी काढली आणि डाव्या ब्रेकच्या दांडीला दोन वेढे देऊन बांधली. लाल-पिवळं दिसलं की लक्षात ठेव, हा पुढचा. ती पुढचे चारही आठवडे तशीच राहिली, चिखलाने तपकिरी होत होत. वाटेवर कोणी कौतुकाने विचारलं की भाचा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "इट्स फॉर द फ्रंट ब्रेक."

त्यानंतर आम्ही ब्रायडल पाथवरच राहिलो. नऊ वेळा गेलो. मुळांचं शास्त्र मला हळूहळू कळत गेलं. ओलं मूळ तिरकं कापलं की चाक मुळाच्या बाजूने घसरत जातं, म्हणून शक्यतो काटकोनात जायचं. मुळावर असताना ब्रेक लावायचाच नाही, जो काय लावायचा तो आधीच्या मातीवर. ब्रेक लागलेल्या चाकाची पकड थांबण्यातच खर्च होते, बाजूला सरकणं रोखायला काही उरत नाही. पुढचं चाक मुळावर चढायच्या क्षणी हात हलके करायचे. पेडल पूर्ण फिरवलं तर ते मुळावर आपटतं, म्हणून अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे. अर्धा वेढा म्हटल्यावर मला हसू आलं. हे तर हाफ पेडल! या एका गोष्टीत मी भाच्याच्या पुढे होते आणि मी त्याला ते विसरू दिलं नाही.

नजरेचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. जिथे जायचं तिथे बघायचं, मुळाकडे बघायचं नाही. मी आयुष्यभर खड्डा, म्हैस आणि रिक्षा यांच्याकडे टक लावून बघत गाडी चालवली. नजर काढली की ते अंगावर येतात, हा अनुभव. मुळं अंगावर येत नाहीत, पण डोळ्यांना ते कसं पटवायचं?

जंगलात काळी अस्वलं आहेत. माणसाची चाहूल आधी लागली तर ती बाजूला होतात, म्हणून आवाज करत जायचं. भाचा "हे बेअर!" असं ओरडतो. मी पाढे म्हणायचे. एकोणतीसचा म्हणताना मात्र अडखळायचे आणि त्या नादात हमखास पाय टेकायचा. अस्वल दिसलं नाही. केळ्याएवढ्या पिवळ्या गोगलगायी पुष्कळ दिसल्या.

ऑक्टोबरात एका रविवारी वाटदुरुस्तीला गेलो. इथल्या वाटा स्वयंसेवक सांभाळतात, नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन 1997 पासून हे काम करते आहे. मला वाटलं होतं दोन फांद्या उचलायच्या असतील. दिवसभर बादल्यांनी माती वाहिली. काळी, मऊ, सुंदर दिसणारी वरची माती आधी खरवडून फेकून द्यायची, कारण ती पाणी पिते आणि तिचा चिखल होतो. खालची पिवळसर, खड्यांची माती खणून आणायची आणि ती चोपून बसवायची. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, ठरावीक ठिकाणी चर काढायचे. जिथे तेवढ्याने भागत नाही तिथे मोठे दगड उभे रोवून फरसबंदी. हे शेवटचं बघून मला आपल्या घाटातल्या जुन्या वाटा आठवल्या. पाणी आणि उतार सारखा असला की माणसाला सुचतंही सारखंच. जवळच एक जुना लाकडी पूल कुजून पडला होता, सीडारच्या चिरफळ्या ठोकलेली अरुंद शिडी आणि घसरू नये म्हणून वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. डिगर या नावाने ओळखला जाणारा टॉड फिअँडर आणि त्याच्यासारख्या लोकांनी एके काळी असे पूल उभारूनच या डोंगरांचं नाव केलं. पडलेल्या झाडांचंच लाकूड, जागेवरच चिरलेलं. आता बरेचसे पूल कुजले किंवा काढले आहेत. त्या फूटभर रुंदीच्या फळ्यांवरून लोक सायकल न्यायचे, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. मी त्या पडलेल्या पुलावरून चालून पाहिलं. चालतानाही हात पसरावे लागले.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी. पाऊस रिपरिप, मेपलची पिवळी पानं मुळांवर पसरलेली, त्यामुळे खाली काय आहे ते दिसेना. ज्या जाड मुळाने मला नेच्यांत फेकलं होतं तिथे पोचले. आधीच्या मातीवर दोन्ही ब्रेकना एकेक बोट, मग सोडले, हात हलके, समोरच्या बुंध्यावर नजर. खडखड, खडखड, आणि मी पलीकडे! मागे वळून पाहिलं तर भाचा सायकल बाजूला टाकून एका भल्या मोठ्या केशरी अळंबीचा फोटो काढत होता. त्याने काहीही पाहिलं नव्हतं. "पुन्हा करून दाखव ना," म्हणाला. पुन्हा केलं तेव्हा पाय टेकला.

नाडाछडी सोडून घेतली आणि पर्समध्ये टाकली. ती अजून तिथेच आहे, वाळका चिखल सगळ्या पावत्यांना लागतो.

दिवाळीच्या आधी पुण्यात परतले. परवा नळ स्टॉपच्या सिग्नलला दिवा पिवळा झाला आणि मी स्कूटरवर ऐटीत, तीन बोटं हँडलवर ठेवून, एका बोटाने ब्रेक लावला. आमची स्कूटर चौदा वर्षांची आहे. ती थेट पुढच्या रिक्षाच्या बंपरला जाऊन टेकली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आधी बंपर पाहिला, मग माझा हात.

"ताई," तो म्हणाला, "बाकीची बोटं काय घरी ठेवलीत का?"