चौदाव्या आठवड्याची सुई

आज भाचीला घेऊन सांगलीजवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरच्या लसीचा, न्यूमोकोकलचा, दुसरा डोस होता. आई बाहेर बाकावर गप्प बसून होती. तिचा धाकटा भाऊ तान्हेपणीच 'डब्या'नं, म्हणजे न्यूमोनियानं, गेला, तेव्हा ही लस नव्हतीच.

पुण्याच्या सीरम कंपनीची न्यूमोसिल ही लस या जंतूच्या १० प्रकारांवर चालते. प्रकार मात्र शंभराच्या वर! प्रत्येकाचं साखरेचं कवच वेगळं, म्हणून लस बनवताना एकेक कवच प्रथिनाला जोडावं लागतं. आता जवळपास सगळ्याच प्रकारांत सारखी असणारी प्रथिनं हेरून लस करायचं काम चाललंय. ती लवकर यावी, फार वाटतं.

रडून थकलेली भाची येताना माझ्या खांद्यावरच झोपली. आई वाटभर तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास बघत होती.